मे महिन्यात तण अडवा, पितृपक्षात बी टाका: पुण्यातल्या लॉनची डागडुजी

आमचं पाषाणचं लॉन साडेसहाशे चौरस फुटांचं, म्हणजे साधारण साठ चौरस मीटर. ऑगस्टमध्ये फाटकातून बघणाऱ्याला ते हिरवंगार वाटायचं आणि मी काही बोलायचे नाही. पण चपला काढून आत गेलं की समजायचं, त्यातली निम्मी हिरवळ लॉनची नाहीच. पोपटी रंगाचं, रुंद पात्यांचं, जमिनीला चिकटून चारी बाजूंना तंगड्या पसरलेलं गवत. दिवाळीनंतर ते वाळायचं आणि त्याच्या जागी ताटाएवढी टकलं उरायची. मग मी जूनमध्ये त्या टकलांवर बी टाकायचे. पहिल्या मोठ्या सरीबरोबर बी वाहून जायचं आणि तिथे पुन्हा तेच पोपटी गवत उगवायचं. तीन वर्षं हेच चाललं.

आमचे माळीमामा म्हणाले, "ताई, तुम्ही बी टाकता तेव्हा त्याचंपण बी उठतंय. त्याला काय, बोलवायला लागत नाही."

सगळी गोम त्या वाक्यात होती. खत, पाणी, बियाण्याची जात यापेक्षा माझी चूक वेळेची होती. खाली लिहिलंय ते त्यानंतरच्या वर्षांत बसवलेलं वेळापत्रक आहे. इंटरनेटवरची बहुतेक माहिती थंड देशांतली असते. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो आणि लॉन वेगळ्याच जातींचं असतं. ती तारखांसकट उचलली की पुण्यात फसते.

आधी ओळख पटवा

या पोपटी गवताला क्रॅबग्रास म्हणतात, शास्त्रीय नाव डिजिटेरिया. खेकड्यासारखं पसरतं म्हणून हे नाव. आमच्याकडचे माळी त्याला नुसतं रानगवत म्हणतात. हे एका हंगामाचं गवत आहे: बियांतून उगवतं, तीन-चार महिन्यांत पसरून तुरे काढतं, बी झाडतं आणि मरतं. बळकट झुडुपाला मोकळी जागा मिळाली तर ते एकटं लाख-दीड लाख बिया टाकू शकतं, आणि त्या मातीत काही वर्षं टिकतात. म्हणून तुरा यायच्या आधी उपटलेलं एक झाड हे तुरा आल्यावर उपटलेल्या पन्नास झाडांपेक्षा जास्त मोलाचं.

गोंधळ होतो तो हरळीशी. पुण्यातली पुष्कळ साधी लॉन्स हरळीचीच, म्हणजे बर्म्युडाची असतात. गणपतीला एकवीसची जुडी वाहतो ती दूर्वाही हीच. शेतकरी हिला तण म्हणून शिव्या घालतो आणि आपण पैसे मोजून लावतो, ते असो. हरळी आणि क्रॅबग्रास दोघांचे तुरे हाताच्या बोटांसारखे फाकलेले असतात, त्यामुळे तुऱ्यावरून ठरवू नका. उपटून बघा. क्रॅबग्रास एका गड्ड्यातून निघतं, मुळं तंतूंसारखी आणि वरवरची असतात, ओल्या मातीतून अख्खं झाड हातात येतं. हरळी ओढली की दोरीसारखी येतच राहते, पेरापेरावर मूळ धरलेलं असतं आणि मातीखाली पांढरट धावत्या काड्या दिसतात. पातं बघितलं तरी चालेल: हरळीचं बारीक आणि गडद, क्रॅबग्रासचं रुंद, फिकं आणि बऱ्याचदा बुडाशी केसाळ.

आणखी दोघे त्याच पंगतीत बसलेले असतात. एकाचा मधला भाग चपटा, पांढरट-रुपेरी असतो आणि तो उपटताना तळहात सोलून निघतो. त्याला गूजग्रास म्हणतात आणि तो घट्ट, तुडवलेल्या मातीत येतो. येण्याजाण्याच्या वाटेवरच तो दिसत असेल तर तुमचा प्रश्न मातीचा आहे. दुसरा लव्हाळा. त्याचं खोड बोटांत फिरवलं की तिकोनी लागतं. तो गवतच नव्हे. जमिनीत त्याच्या गाठींची माळ असते, वरून उपटला की गाठी खाली राहतात आणि आठवड्याभरात पुन्हा कोंब येतात. त्याचं औषध वेगळं आहे, पुढे येईल.

आता तुमचं स्वतःचं लॉन कोणतं ते बघा, कारण सगळ्या लॉनवर बी टाकता येत नाही. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सऱ्यांतून लॉनचे तयार गालिचे येतात. त्यांतलं कोरियन कार्पेट किंवा सिलेक्शन वन ठोंबांनी वाढवतात. बाजारात मिळणारं बी बहुधा साध्या बर्म्युडाचं असतं. कोरियन कार्पेटमध्ये ते टाकलं तर मखमलीला सुतळीचं ठिगळ लावल्यासारखं दिसतं. अशा लॉनमध्ये टकलावर त्याच जातीच्या गालिच्याचे चार-चार इंचांचे तुकडे बसवा, किंवा दाट भागातून ठोंब काढून तीन-चार इंचांवर लावा. माती तयार करणं, पाणी आणि तण या बाबतीत पुढचं सगळं तुम्हालाही लागू आहे.

बी आणि तणनाशक एकमेकांचे वैरी

तण उगवायच्या आधी मारायची जी औषधं असतात, त्यांतलं आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात सहज मिळणारं म्हणजे पेंडिमेथालिन ३० टक्के ईसी (ईसी म्हणजे पाण्यात मिसळून फवारायचं द्रव औषध). ते मातीच्या वरच्या थरात पातळ पडद्यासारखं बसतं आणि उगवत्या बियांची मुळं-कोंब तिथेच खुंटवतं. उगवून मोठ्या झालेल्या झाडाला ते काही करत नाही. आणि ते बी कोणाचं हे ओळखत नाही: क्रॅबग्रासचं असो की तुम्ही पाव किलो विकत आणलेल्या बर्म्युडाचं, दोन्ही मरतात. त्याचा असर मातीत तीन-चार महिने राहू शकतो.

म्हणून फवारणी आणि पेरणी यांच्यात चार महिने ठेवायचे. मे मध्यापासून चार महिने मोजले की सप्टेंबरचा मध्य येतो. पुण्याचं हवामान नेमकं या हिशेबाला धरून आहे. नळाच्या पाण्यावरच्या लॉनमध्ये क्रॅबग्रास तुरळक कधीही उगवतं, पण त्याची मोठी लाट उठते ती वळवाच्या आणि जूनच्या पावसाबरोबर. आणि हरळीच्या बियाला ऊब लागते. सप्टेंबर अखेरीस मुसळधार पाऊस सरलेला असतो, वर ऑक्टोबर हीटचे पाच-सहा आठवडे हातात असतात. आपण त्या उकाड्याने वैतागतो, बी त्याच्यावर खूश असतं.

फेब्रुवारी अखेर ते मार्च हा दुसरा मुहूर्त. तोही चालतो, पण त्यानंतरचा सगळा उन्हाळा नव्या रोपांना पाणी पुरवायचं असतं. टँकर लागणाऱ्या सोसायटीत मी तो सुचवणार नाही. शिवाय त्या वर्षी मेची फवारणीही सोडून द्यावी लागते, कारण कोवळ्या लॉनवर पेंडिमेथालिन मारायचं नसतं.

मे: पडदा टाका

फवारणी फक्त जुन्या, मूळ धरलेल्या लॉनवर करायची. मात्रा हेक्टरी एक किलो सक्रिय घटकाच्या (औषधातल्या प्रत्यक्ष तण मारणाऱ्या भागाच्या) हिशेबाने शंभर चौरस मीटरला सुमारे ३३ मिली, पाणी पाच ते सहा लिटर. माझ्या साठ चौरस मीटरला २० मिली औषध आणि साडेतीन लिटर पाणी लागतं. इतकं थोडं मोजायला मेडिकलमधली सुई नसलेली सिरिंज घ्या आणि ती फक्त याच कामाला ठेवा. बाटलीच्या झाकणाने अंदाज करू नका. लेबलवर पिकांची नावं असतात, लॉनचं नसतं, म्हणून पहिल्या वर्षी एका कोपऱ्यात दोन-तीन चौरस मीटरवर मारून आठवडाभर बघा, मग बाकीच्यावर जा.

संध्याकाळी, वारा पडल्यावर फवारा, आणि त्याच संध्याकाळी स्प्रिंकलरने हलकं पाणी द्या. मेच्या उन्हात वर पडून राहिलं तर ते उडून जातं, कामाला येत नाही. हातमोजे, मास्क, पायात गमबूट. पूर्ण सुकेपर्यंत पोरं आणि कुत्रं आत सोडू नका. माशांना ते घातक आहे, कमळाचं टाकं शेजारी असेल तर त्या बाजूने दोन हात जागा सोडा. आणि हे कुठल्याही चौकटीत लिहिलेलं सापडणार नाही: औषध हळदीसारखं पिवळं असतं आणि कोटा फरशीवरचा डाग निघत नाही. आमच्या पायरीवर माझ्या बुटाचा अर्धा ठसा अजून आहे.

ज्यांना औषध नकोच, त्यांनी हा टप्पा सोडावा. उपटायचं काम तिप्पट होईल एवढंच. छोट्या लॉनला ते अशक्य नाही.

पावसाळा: उंच कापा, उपटत राहा

क्रॅबग्रासच्या बियाला उजेड आणि उघडी माती आवडते. लॉन दाट आणि थोडं उंच असेल तर खाली सावली राहते आणि बरंच बी उठतच नाही. साध्या हरळीचं लॉन पावसाळ्यात साडेतीन-चार सेंटीमीटर ठेवा. आपल्याकडे उलटा रिवाज आहे: माळी महिन्याने एकदा येतो, एवढं वाढलेलं बघतो आणि झिरो मशीन फिरवल्यासारखं भादरून जातो. गवत पिवळं पडतं, माती उघडी होते, आठ दिवसांत पोपटी पाहुणे हजर. एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही, मग त्यासाठी पावसाळ्यात आठवड्याला यंत्र फिरवावं लागलं तरी. यंत्राला पिशवी लावा. तुरे आल्यावर पिशवीशिवाय कापणं म्हणजे आपल्याच हाताने पेरणी.

उपटायला पाऊस थांबल्यानंतरची सकाळ उत्तम. खुरप्याचं टोक गड्ड्याखाली तिरकं घालायचं, दुसऱ्या हाताने सगळ्या तंगड्या एकत्र मुठीत धरायच्या, आणि हिसका न देता वर उचलायचं. जिथे पेर जमिनीला टेकलं तिथे त्यानेही मूळ धरलेलं असतं, ते सुटलं की नाही बघा. तुरा आलेलं झाड कंपोस्टमध्ये टाकू नका, घरच्या कंपोस्टची उष्णता त्या बियांना पुरत नाही.

लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के मिळतं, उसवाले शेतकरी ते वापरतात. एकरी ३६ ग्रॅम, म्हणजे शंभर चौरस मीटरला एक ग्रॅमसुद्धा नाही, त्यामुळे मोजायला सोनाराचा काटा लागतो. उगवलेल्या, पाती फुटलेल्या लव्हाळ्यावर मारायचं आणि दोन-तीन आठवडे धीर धरायचा. क्रॅबग्रासवर त्याचा भरवसा धरू नका. आणि दुकानदार "तणनाशक आहे ना मॅडम" म्हणून टू-फोर-डी पुढे करेल, ते घेऊ नका. ते रुंद पानांच्या तणांसाठी असतं, गवतावर काही करत नाही, आणि वाऱ्याने उडालं तर शेजारच्यांचे गुलाब आणि टोमॅटो वाकडे करून भांडण मात्र लावतं. ग्लायफोसेट तर सगळंच मारतं, लॉनसकट.

पितृपक्ष: पेरणी

अनंत चतुर्दशी झाली की घटस्थापनेपर्यंतचा पंधरवडा. पितृपक्षात कोणी नवीन काम काढत नाही, म्हणून माळीमामा मोकळे असतात. हरळीचं काही पितृपक्षाशी वाकडं नाही.

पेरणीआधी एक कठोर तपासणी करा. लांब स्क्रू ड्रायव्हर टकलात खुपसा. तीन इंचांच्या आत खाली कटकन मुरूम किंवा बिल्डरचा राडारोडा लागला तर बी वाया जाणार. आधी तो भाग खोदून सहा इंच माती भरा. दुसरं, त्या जागी सहा तास ऊन पडतं का? आंब्याखाली, इमारतीच्या उत्तरेला हरळी धरत नाही. तिथे सावलीत चालणारी झाडं लावा आणि विषय संपवा. तिसरं, लॉनचा निम्म्याहून जास्त भाग तणाने किंवा टकलांनी गेला असेल तर ठिगळं लावण्यात अर्थ नाही, सगळं काढून नव्याने करा.

उरलेल्यांनी असं करायचं. चार-पाच दिवसांत दोनदा कापून लॉन दोन सेंटीमीटरवर आणा. भादरायला मी एवढी एकच वेळ मान्य करते. मग लोखंडी दंताळ्याने जोर लावून ओढा, म्हणजे वाळक्या काड्यांचा गच्च थर निघेल आणि माती दिसेल. आमच्या एवढ्याशा जागेतून पहिल्या वर्षी चार पोती काड्या निघाल्या. बी त्या थरावर पडलं तर उगवतं आणि दोन दिवसांत वाळतं, कारण मुळाला माती सापडत नाही. त्यानंतर बागकामाच्या काट्याने हातभर अंतरात चार-पाच ठिकाणी बोटभर खोल भोकं पाडत जा. काळी माती पावसाळ्यात चिखल आणि नंतर वीट होते, तिला हवा लागतेच.

बी किती? विरळ भागावर चौरस मीटरला पाच ग्रॅम, पूर्ण टकलावर आठ-दहा. हे बी खसखशीसारखं बारीक असतं, पाच ग्रॅममध्ये हजारो दाणे. नुसतं हातात घेतलं की मुठीला चिकटतं आणि ढीग पडतात. दहापट कोरडी चाळलेली रेती मिसळा, मिश्रणाचे दोन भाग करा, एक भाग उभा चालत फेका आणि दुसरा आडवा. नंतर दंताळं उलटं करून पाठीने अलगद फिरवा. खोल जाऊ देऊ नका, खोल गेलेलं बरंच बी वर येत नाही.

आता वरून पातळ थर द्यायचा, आणि इथेच माझं सगळ्यात महागडं शहाणपण आहे. दुसऱ्या वर्षी मी एका पुरवठादाराकडून अर्धा ब्रास लाल माती आणि चार गोण्या "जुनं" शेणखत घेतलं. खत बाहेरून काळंभोर, आत हात घातला तर गरम आणि वासाचं. मला कळायला हवं होतं. अठरा दिवसांनी लॉनवर लव्हाळा, क्रॅबग्रास, माठ, केना आणि एक टोमॅटोचं रोप उगवलं. गुरांच्या पोटातून बी जिवंत बाहेर पडतं आणि अर्धवट कुजलेल्या खतात ते तसंच राहतं. लव्हाळ्याच्या गाठी बहुतेक मातीतून आल्या असणार.

तेव्हापासून खत आणि माती ऑगस्टमध्येच आणते. दोन्हींचा नमुना मिठाईच्या जुन्या डब्यात घेऊन, बुडाला भोकं पाडून, खिडकीत ठेवते आणि बारा दिवस पाणी देते. त्या डब्यात काही उगवलं तर पोती परत. पास झालेलं खत आणि रेती समप्रमाणात चाळून लॉनवर तीन ते पाच मिलीमीटर पसरायचं, बी जेमतेम झाकेल इतकंच. टोमॅटो मात्र आम्ही ठेवला होता, चांगले लागले.

पहिले वीस दिवस

मातीचा वरचा थर सतत ओलसर हवा, चिखल नको. ऑक्टोबरच्या उन्हात याचा अर्थ दिवसातून तीन-चार वेळा दोन-तीन मिनिटं बारीक फवारा. पाइपाची धार मारलीत तर सगळं बी एका कोपऱ्यात जमा होईल. कोंब साधारण सात ते चौदा दिवसांत दिसतात, टरफलासकट असलेलं बी तीन आठवडेही घेतं. पहिल्या आठवड्यात काहीच दिसत नाही म्हणून वर आणखी बी टाकू नका.

या काळातले शत्रू: कबुतरं आणि मुंग्या. कबुतरांसाठी शेतीच्या दुकानातली हिरवी जाळी दोन विटांच्या उंचीवर ताणून बांधा, कोंब आले की काढा. मुंग्या रांगेने बी उचलून नेतात. मी वारुळाच्या तोंडाशी मूठभर रवा ठेवते. शास्त्र विचारू नका, त्या रव्यात गुंततात एवढं बघितलंय.

दोन आठवड्यांनंतर पाण्याच्या वेळा कमी करा आणि प्रत्येक वेळचं पाणी वाढवा, म्हणजे मुळं खाली जातील. गवत पाच-सहा सेंटीमीटर झालं की पहिली कापणी, माती कोरडी असताना आणि पात्याला ताजी धार लावून. बोथट पातं कोवळी रोपं कापत नाही, उपटतं. चौथ्या आठवड्यात चौरस मीटरला पाच ग्रॅम युरिया भुरभुरून लगेच पाणी द्या. पाणी द्यायला विसरलात तर सकाळी जळके ठिपके मोजायचे. नव्या गवताच्या तीन-चार कापण्या होईपर्यंत कुठलंही तणनाशक नाही. मधे उगवलेलं क्रॅबग्रास बोटांनीच काढा, बाजूला दुसऱ्या हाताने माती दाबून, नाहीतर शेजारचं रोपही बरोबर येतं. सोसायटीचं लॉन असेल तर दिवाळीच्या सुट्टीत पोरांचं क्रिकेट दुसरीकडे कुठे होईल ते आधी ठरवा. दोरी बांधून ते थांबत नाही.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान बारा अंशांच्या आसपास गेलं की हरळी थबकते, थोडी पिवळटते. उरलीसुरली टकलं तेव्हा डोळ्यांत भरतात. त्या वेळी ना बी, ना युरिया, पाणी आठवड्यातून दोनदा पुरे. खडूच्या भुकटीने त्या जागा आखून फोनवर एक फोटो काढून ठेवा. मार्चमध्ये गवत पुन्हा धावायला लागलं की त्यांतली निम्मी आपोआप भरून येतात. जी उरतील तिथे दाट भागातले ठोंब आणून लावा आणि मेमध्ये फवारताना तेवढ्या जागा वगळा.